बल, ऊर्जा आणि अणू: गणितं सोडवताना सूत्राच्या आधी काय बघायचं?

रेवा_सांगली

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातल्या गणितांसाठी हा धागा काढते आहे. सुरुवातीला एक साधं उदाहरण देते.

३०° च्या उतारावर ४ किलोचा ठोकळा अलगद ठेवला आहे. स्थितिक (वस्तू थांबलेली असतानाचा) घर्षणांक ०.७, गतिज (सरकत असतानाचा) घर्षणांक ०.५. ठोकळ्यावरचं घर्षण बल किती?

वहीत बहुतेक वेळा हे सापडतं: नॉर्मल (पृष्ठभागाने लंब दिशेने दिलेलं बल) = ४ × ९.८ × कोस ३०° = ३३.९५ न्यूटन, म्हणून घर्षण = ०.७ × ३३.९५ = २३.७६ न्यूटन. आकृती स्वच्छ, सूत्र पाठ, गुणाकार बिनचूक, आणि उत्तर चूक. वजनाचा उताराच्या दिशेचा घटक फक्त ४ × ९.८ × ०.५ = १९.६ न्यूटन आहे. घर्षण खरंच २३.७६ असतं, तर ठेवलेला ठोकळा आपण होऊन उतार चढायला लागला असता! प्रत्यक्षात तो जागचा हलत नाही आणि घर्षण १९.६ न्यूटनच असतं. २३.७६ ही त्याची वरची मर्यादा.

सूत्र लावण्याच्या आधीची एक पायरी इथे गळते. ऊर्जेच्या आणि अणूच्या प्रकरणातही तीच गळते असं माझं ठाम मत आहे. ती पायरी नेमकी कोणती, आणि ती मुलांच्या हाताला कशी लावायची? शिकवणाऱ्यांनी आणि सोडवणाऱ्यांनी उदाहरणांसकट लिहा.

सुबोध_ना

या गणितात एका ओळीत निकाल लागतो. टॅन ३०° = ०.५७७, स्थितिक घर्षणांक ०.७. टॅन लहान, म्हणजे ठोकळा थांबलेला. थांबलेला असेल तर घर्षण म्हणजे वजनाचा उतारावरचा घटक, बाकी काही मोजायचं नाही. थांबतो की नाही हे ठरवायला वस्तुमानसुद्धा लागलं नाही, हे मुलांना मुद्दाम दाखवावं.

दगडफूल

रेवाताई, चांगला विषय काढलात.

बलांचे दोन गट करून शिकवावेत. वजन, स्प्रिंगचं बल आणि सरकत असलेल्या वस्तूवरचं गतिज घर्षण यांची किंमत सूत्रातून थेट निघते. नॉर्मल, दोरीतला ताण आणि स्थितिक घर्षण यांची तशी निघत नाही. ही तीन बलं समंजस पाहुण्यासारखी: गरज असेल तेवढंच घेतात. ती गतीच्या समीकरणातून शोधायची, आधी ठरवून टाकायची नाहीत.

‘नॉर्मल म्हणजे एमजी (वजन)’ हे वाक्यही याच गोंधळातून येतं. २० किलोचा खोका घ्या, घर्षणांक ०.३, जी (गुरुत्वत्वरण) १० धरा. दोरीने १०० न्यूटन बल लावून, आडव्या रेषेच्या ३७° वर ओढताय (साइन ०.६, कोस ०.८). दोरी खोक्याला ६० न्यूटनने वर उचलते, म्हणून नॉर्मल २०० − ६० = १४०. घर्षण ४२. आडवं बल ८०. त्वरण ३८ ÷ २० = १.९ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता तेच १०० न्यूटन, तोच कोन, पण मागून खालच्या दिशेने रेटा. नॉर्मल २००+६० = २६०, घर्षण ७८, उरले २ न्यूटन. त्वरण ०.१. एकोणीस पट फरक! नॉर्मल डोळे मिटून २०० धरणाऱ्याला दोन्हीकडे १ हेच उत्तर येतं, आणि दोन्हीकडे ते चूक असतं.

चैत्रपालवी

दगडफूल, रेवाताईंच्या ठोकळ्याला दोरी बांधून ती वरच्या टोकाच्या कप्पीवरून सोडली आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगलं, तर घर्षणाची दिशा कशी ठरवायची? वर दाखवायची की खाली, इथेच आकृती अडते.

दगडफूल

घर्षण तूर्त विसरायचं आणि बाकीची बलं ठोकळ्याला कुठे नेऊ पाहतात ते बघायचं. स्थितिक घर्षण त्याच्या उलट.

टांगलेलं वजन १ किलो असेल, तर दोरी वर ओढते ९.८ आणि उतार खाली ओढतो १९.६. कल खाली, म्हणून घर्षण ९.८ न्यूटन वर. २ किलो टांगले, तर १९.६ विरुद्ध १९.६. घर्षण शून्य! पृष्ठभाग कितीही खरखरीत असला तरी शून्यच. ३ किलो टांगले की दोरी २९.४ ने ओढते, घर्षण ९.८ न्यूटन, पण आता खाली. एकाच ठोकळ्यावर, एकाच उतारावर घर्षण वर, शून्य आणि खाली असं फिरलं. ‘घर्षण नेहमी वर दाखवायचं’ हा नियम कुठून रूढ झाला कोण जाणे, पण तो काढून टाकायला हवा.

मर्यादाही काढून ठेवा. २ + ०.७ × ४ × ०.८६६ = सुमारे ४.४ किलो. टांगलेलं वजन त्याच्या आत असेल, तर काही हलत नाही. ५ किलो टांगले, तर हलतं, आणि मग गतिज घर्षण ०.५ × ३३.९५ = १६.९७ न्यूटन. त्वरण = (४९ − १९.६ − १६.९७) ÷ ९ = १.३८. दोरीतला ताण ५ × (९.८ − १.३८) = ४२.१ न्यूटन. तो ४९ नाही, हे बघा. टांगलेलं वजन खाली वेग घेतंय, म्हणजे ताण वजनापेक्षा कमी असायलाच हवा.

वाटाड्या

याच गणिताचा ताळा ऊर्जेने करून दाखवतो, कारण दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं की खात्री पटते.

५ किलो १ मीटर खाली आले: स्थितिज ऊर्जा ४९ ज्यूल कमी झाली. ४ किलोचा ठोकळा उतारावर १ मीटर सरकला, म्हणजे उंचीने अर्धा मीटर चढला: १९.६ ज्यूल वाढली. घर्षणात १६.९७ गेले. उरलेले १२.४३ ज्यूल दोघांची मिळून गतिज ऊर्जा. ½ × ९ × वेगाचा वर्ग = १२.४३, म्हणून वेगाचा वर्ग २.७६ आणि वेग १.६६ मीटर प्रति सेकंद. दगडफूल यांच्या त्वरणावरून: २ × १.३८ × १ = २.७६. जुळलं.

इथे दोन चुका ठरलेल्या. ठोकळा १ मीटर सरकला म्हणून उंचीही १ मीटर धरणं ही पहिली. दुसरी म्हणजे गतिज ऊर्जेत फक्त ५ किलो घेणं. ‘व्यवस्था’ म्हणून दोन्ही वस्तू घेतल्या असतील, तर नऊच्या नऊ किलो मोजायचे. तेव्हाच दोरीचा ताण हिशोबातून बाद होतो. एकाच वस्तूचा हिशोब करायचा असेल, तर ताणाने केलेलं कार्य लिहावंच लागतं.

ऊर्जेच्या वाटेने ताण मिळत नाही, वेळही मिळत नाही. प्रश्नात ‘किती सेकंदांत’ किंवा ‘दोरीतला ताण’ असेल, तर बलांकडे जायचं. ‘वेग किती’, ‘किती उंचीपर्यंत’ असेल, तर ऊर्जेकडे.

निशिगंध

मला इथे थोडं विरोधात बोलायचं आहे. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. एका प्रश्नाला ५४ सेकंद. तिथे आकृती, दोन गट, ताळा, हे सगळं करायला उसंत कुठे? तयार निकाल पाठच हवेत. दोरीला बांधलेला गोळा उभ्या वर्तुळात पूर्ण फिरवायचा, तर तळाशी वेग √(५ × जी × त्रिज्या). काढलं, पर्याय निवडला, पुढे. निगेटिव्ह मार्किंगही नाही. जेईई आणि नीटमध्ये मात्र चुकीला गुण कापले जातात, तिथलं गणित वेगळं.

वाटाड्या

निशिगंध, निकाल पाठ असावेत याला माझा पूर्ण पाठिंबा. पण निकालाबरोबर त्याची अटही पाठ हवी. ५ हा आकडा फक्त दोरीसाठी आहे. दोरीऐवजी हलकी कडक दांडी असेल, तर ४ येतो, कारण दांडी गोळ्याला खालून आधार देऊ शकते आणि माथ्यावर वेग शून्य चालतो. पेपर काढणारा नेमकं ‘दोरी’ खोडून ‘दांडी’ लिहितो आणि दोन्ही उत्तरं पर्यायांत ठेवतो.

ही अट बलातून येते, ऊर्जेला तिचा पत्ता नसतो. त्रिज्या ०.८ मीटर, जी १०, तळाशी वेग ६ मीटर प्रति सेकंद घ्या. ऊर्जेच्या समीकरणात टाका: माथ्यावर वेगाचा वर्ग ३६ − ४ × १० × ०.८ = ४, म्हणजे वेग २. समीकरण म्हणतं गोळा माथ्यावर पोचला, वेगही शिल्लक. पण माथ्यावर दोरी ताठ राहायला वेगाचा वर्ग किमान जी × त्रिज्या = ८ हवा. आहे ४. म्हणजे दोरी वाटेतच ढिली पडली आणि गोळा माथ्यावर कधी पोचलाच नाही. कुठे ढिली पडली ते काढता येतं: केंद्रातून जाणाऱ्या आडव्या रेषेच्या वर जो कोन होतो त्याचा साइन = (३६ − १६) ÷ २४ = ०.८३३, म्हणजे सुमारे ५६°. तिथून पुढे गोळा प्रक्षेप्यासारखा जातो.

रेवाताईंच्या ठोकळ्यात आणि या गोळ्यात चूक एकच आहे. समीकरण ज्या परिस्थितीसाठी आहे ती परिस्थिती आहे का, हे न बघता ते वापरलं.

निशिगंध

दांडीचा मुद्दा मान्य. मग लूपच्या (उभ्या गोल वळणाच्या) रुळावरचं गणितही इथेच नोंदवते, कारण तेही असंच फसवतं. घर्षण नसलेल्या रुळावर घसरणारी वस्तू अडीच त्रिज्या उंचीवरून सोडली की लूप पुरा करते. भरीव गोळा न घसरता गडगडत येत असेल, तर २.७ त्रिज्या लागतात (गोळा रुळाच्या मानाने लहान धरून). फिरण्यातही ऊर्जा जाते, ½ च्या जागी ७/१० येतो. ‘घसरतो’ की ‘गडगडतो’ हे क्रियापद प्रश्नात आधी शोधायचं.

चैत्रपालवी

स्प्रिंगचं पण कुणीतरी लिहा ना. वजन टांगल्यावर स्प्रिंग एमजी भागिले के (स्प्रिंग स्थिरांक) एवढी लांबते की त्याच्या दुप्पट? दोन्ही उत्तरं छापलेली दिसतात.

सुबोध_ना

दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे. ०.५ किलो, स्प्रिंग स्थिरांक १०० न्यूटन प्रति मीटर, जी १०.

हाताने धरून हळूहळू खाली सोडलं, तर ते ५ सेंमीवर थांबतं. तिथे बलं समतोल. हात काढून एकदम सोडलं, तर ५ सेंमीवरून वेगाने जातं आणि १० सेंमीवर क्षणभर थांबून परत फिरतं. तिथे वेग शून्य आहे, पण समतोल नाही. स्प्रिंग १० न्यूटनने वर ओढते आणि वजन फक्त ५ न्यूटन आहे.

पहिल्या प्रकारात ऊर्जा लिहायला गेलं की गोंधळ उडतो. स्थितिज ऊर्जा घटली ५ × ०.०५ = ०.२५ ज्यूल, स्प्रिंगमध्ये साठली ½ × १०० × ०.००२५ = ०.१२५. अर्धी कुठे गेली? हातात. हात सगळ्या वाटेवर वजनाला वर धरून ठेवत होता, त्याने ऋण कार्य केलं. प्रश्नात ‘हळूहळू’ लिहिलेलं असेल, तर तिथे हात आहे आणि त्याचं कार्य मोजायचं आहे.

रानवारा

ऊर्जा ‘कुठे गेली’ हा प्रश्न न विचारल्याने होणारी सगळ्यात मोठी चूक बंदुकीच्या गोळीच्या गणितात दिसते. १० ग्रॅमची गोळी ४०० मीटर प्रति सेकंदाने येऊन टांगलेल्या १.९९ किलोच्या लाकडात घुसली. लाकूड किती उंच जाईल?

गोळीची गतिज ऊर्जा ८०० ज्यूल, ती सरळ एमजीएचला जोडली तर उंची ४० मीटर. बरोबर उत्तर २० सेंमी! घुसताना संवेग (वस्तुमान गुणिले वेग) टिकतो: ४ ÷ २ = २ मीटर प्रति सेकंद. त्यानंतरची गतिज ऊर्जा अवघी ४ ज्यूल. ७९६ ज्यूल लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत गेले. धडक आणि झोका हे दोन वेगळे टप्पे. पहिल्यात संवेग, दुसऱ्यात ऊर्जा. मध्ये वहीत आडवी रेघ मारावी.

घाटमाथा

जरा विषयांतर, पण ऊर्जेचंच. घाट उतरताना ट्रकवाल्यांना खालच्या गिअरमध्ये उतरा असं का बजावतात, याचं गणित करून घ्यावं. पाठ्यपुस्तकातल्या ठोकळ्यापेक्षा ते मनात राहतं.

१६ टनांचा ट्रक, उंचीतला फरक ४०० मीटर. स्थितिज ऊर्जा १६००० × ९.८ × ४०० = ६ कोटी २७ लाख ज्यूल. वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही सगळी उष्णतेत घालवावी लागते. ब्रेकच्या ड्रमचं एकूण लोखंड २०० किलो धरा, विशिष्ट उष्मा ४६०. सगळा भार ब्रेकवर टाकला आणि हवेने काहीच थंडावा दिला नाही, तर तापमान सुमारे ६८० अंशांनी चढेल. हवा थोडं थंड करतेच, पण तरी ब्रेक निकामी होण्याइतकी ही उष्णता आहे. उतार ५ टक्के, वेग ताशी ४० किमी धरला, तर दर सेकंदाला ८७ किलोज्यूल घालवायचे आहेत. इंजिनने त्यातला मोठा वाटा उचलला पाहिजे.

घाट किती वळणावळणाचा आहे याचा पहिल्या आकड्याशी काही संबंध नाही, फक्त उंचीचा आहे.

चैत्रपालवी

घाटमाथा, हे फार आवडलं. याला जोडून: सायकल चालवताना मागच्या चाकावर घर्षण कुठल्या दिशेला?

घाटमाथा

पेडल मारताना मागच्या चाकावर पुढच्या दिशेला. चाकाचा टेकलेला भाग रस्त्याला मागे रेटतो, रस्ता त्याला पुढे. पुढच्या चाकाला पेडलचा जोर नाही, ते रस्त्यामुळे फिरतं, म्हणून तिथे मागच्या दिशेला. ब्रेक दाबले की दोन्हीकडे मागे. हे सगळं स्थितिक घर्षण, चाक घसरत नसेल तोवर.

मृगजळ

रेवाताईंनी अणूचंही विचारलंय, तिकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहिते.

फोटोइलेक्ट्रिक परिणामात (प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात त्यात) तीच पायरी गळते. सोडियमचं वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ६०० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला. फोटॉनची ऊर्जा = १२४० ÷ ६०० = २.०७. सूत्रात घातलं की गतिज ऊर्जा −०.२३ येते. वहीत कधी वजा चिन्ह गुपचूप पुसलेलं असतं, कधी तसंच उत्तर म्हणून लिहिलेलं. गतिज ऊर्जा ऋण असूच शकत नाही. अर्थ एवढाच की इलेक्ट्रॉन बाहेर आलाच नाही, दिवा दुप्पट प्रखर केला तरी येणार नाही. ४०० नॅनोमीटर घेतला तर ३.१ − २.३ = ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, स्टॉपिंग पोटेन्शियल (इलेक्ट्रॉन अडवायला लागणारा विभव) ०.८ व्होल्ट. आधी उंबरठा ओलांडला का ते बघा, मग वजाबाकी करा. उतारावर टॅनची तुलना केली, तसंच.

१२४० हा आकडा इलेक्ट्रॉन-व्होल्ट गुणिले नॅनोमीटरमधला आहे, तो पाठच करावा. प्लांकचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि १.६ × १० चा उणे १९ वा घात यांचे गुणाकार दर वेळी करत बसलं, तर घातांकात चूक ठरलेली.

सुबोध_ना

मृगजळ, हायड्रोजनचा प्रश्नही घ्या. तळाच्या स्थितीतल्या अणूवर ११ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन टाकला, तर तो शोषला जातो का? ‘१०.२ पेक्षा जास्त आहे म्हणजे हो’ असं उत्तर सर्रास येतं.

मृगजळ

नाही शोषला जात. अणूच्या ऊर्जेच्या पायऱ्या (इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) −१३.६, −३.४, −१.५१, −०.८५ अशा आहेत. तळापासूनचे फरक १०.२, १२.०९, १२.७५. फोटॉनला आपली ऊर्जा पूर्ण द्यावी लागते, सुटे पैसे परत मिळत नाहीत. ११ ची पायरी नाही, म्हणून तो तसाच निघून जातो. १४ चा फोटॉन मात्र चालतो, कारण १३.६ च्या वर पायऱ्याच संपतात. इलेक्ट्रॉन सुटतो आणि उरलेले ०.४ घेऊन जातो.

फोटॉनऐवजी ११ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन आदळला, तर तो १०.२ अणूला देऊन ०.८ घेऊन पुढे जाऊ शकतो. प्रश्नात कोण आदळतंय ते दोनदा वाचा. फ्रँक आणि हर्ट्झ यांच्या १९१४ च्या प्रयोगात पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा विद्युतधारा दर ४.९ व्होल्टला ढासळायची. १२४० ÷ ४.९ = २५३, आणि पाऱ्याच्या दिव्यातली २५४ नॅनोमीटरची अतिनील रेषा हीच.

आणखी एक: चौथ्या पायरीवरून खाली येताना किती रेषा दिसतात? पुष्कळ अणू असतील, तर ४ × ३ ÷ २ = ६. एकच अणू असेल, तर जास्तीत जास्त ३, कारण तो एका वेळी एकाच वाटेने उतरतो. ‘एक अणू’ असं लिहिलेलं असेल, तर सहाचा पर्याय मुद्दाम ठेवलेला आहे.

वाटाड्या

अणूत बल आणि ऊर्जा एकत्र येतात, ते सोडू नका. बोरच्या १९१३ च्या प्रतिमानात पहिल्या कक्षेची त्रिज्या ०.५२९ अँगस्ट्रॉम. विद्युत आकर्षण ८.२ × १० चा उणे ८ वा घात न्यूटन, आणि तेच अभिकेंद्री बल. त्यातून गतिज ऊर्जा +१३.६ येते, स्थितिज −२७.२, बेरीज −१३.६. दुसऱ्या कक्षेत +३.४, −६.८, −३.४.

अणूला १०.२ ऊर्जा दिली आणि गतिज ऊर्जा १०.२ ने कमी झाली! ‘ऊर्जा दिली म्हणजे इलेक्ट्रॉन जोरात फिरायला लागला’ हे चूक. तो दूर जाऊन मंदावला. वरच्या कक्षेतल्या उपग्रहाचंही हेच.

किनारपट्टी

वर्णरेषांचा विषय निघालाय, तर कोकणातून एक प्रश्न. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी इंग्लंडहून, ग्रहणाशिवाय, त्या वर्णपटातली पिवळी रेषा नोंदवली. आमच्याकडे विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्या ग्रहणाच्या निरीक्षणाशी जोडले जातात. रेषेची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर. ही रेषा हायड्रोजनची नाही हे बारावीच्या विद्यार्थ्याने कसं दाखवावं?

मृगजळ

छान प्रश्न! १२४० ÷ ५८७.६ = २.११ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हायड्रोजनच्या दृश्य रेषा दुसऱ्या पायरीवर उतरणाऱ्या: तिसरीवरून १.८९ (६५६ नॅनोमीटर), चौथीवरून २.५५ (४८६), पाचवीवरून २.८६ (४३४). १.८९ आणि २.५५ च्या मध्ये काहीही नाही. तिसऱ्या पायरीवर उतरणाऱ्यांची ऊर्जा १.५१ च्या वर जात नाही. पहिलीवर उतरणाऱ्या १०.२ पासून सुरू होतात. म्हणजे हायड्रोजन बाद.

सोडियम आठवतो, कारण त्याच्या पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ ला आहेत. दीड-दोन नॅनोमीटरचा फरक, पण वर्णपटमापकाला तो स्पष्ट दिसतो. ती रेषा हेलियमची होती. बोरचं सूत्र मात्र तिला लावायचं नाही, अणूत दोन इलेक्ट्रॉन आहेत. एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या हेलियम आयनाला ते चालतं, ऊर्जा चौपट धरून: ५४.४.

रेवा_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते. टॅनची तुलना, दोरी ढिली पडण्याची अट, गोळीतले दोन टप्पे, वर्क फंक्शनचा उंबरठा, फोटॉनच्या पायऱ्या: सगळीकडे समीकरणाच्या आधी एक असमानता किंवा अट तपासली जाते. तेव्हा मुलांना वहीत समीकरणाच्या वर एक ओळ सक्तीने लिहायला लावायची: ‘हे केव्हा खरं?’ त्या ओळीला गुण द्यायचे.

दगडफूल

गुण द्यायलाच हवेत, त्याशिवाय ती ओळ टिकणार नाही. पण ताई, एक अडचण: कधी अट आधी तपासताच येत नाही. मग गृहीत धरून सोडवायचं आणि नंतर तपासायचं.

गुळगुळीत जमिनीवर ३ किलोचा ठोकळा, त्यावर २ किलोचा, दोघांमधला घर्षणांक ०.४, जी १०. खालच्याला १५ न्यूटनने ओढलं. दोघं एकत्र जातात असं गृहीत धरा: त्वरण १५ ÷ ५ = ३. वरच्याला पुढे नेणारं बल फक्त घर्षण, म्हणजे २ × ३ = ६ न्यूटन हवं. मिळू शकतं ०.४ × २० = ८. गृहीतक टिकलं, घर्षण ६, आठ नव्हे. आता ३० न्यूटन लावा: त्वरण ६, घर्षण १२ लागेल, आणि ते नाही. गृहीतक मोडलं. मग वरचा मागे घसरतो, घर्षण ८, वरच्याचं त्वरण ४, खालच्याचं (३० − ८) ÷ ३ = ७.३३. एकत्र राहण्याची सीमा ५ × ४ = २० न्यूटन.

चैत्रपालवी

आणि तेच बल वरच्या ठोकळ्यावर लावलं, तर सीमा २० च राहील का?

दगडफूल

नाही. आता खालच्याला पुढे नेणारं एकमेव बल घर्षण आहे. ते जास्तीत जास्त ८, म्हणून खालच्याचं त्वरण जास्तीत जास्त ८ ÷ ३ = २.६७. सीमा ५ × २.६७ = १३.३ न्यूटन. तपासून बघ: १२ न्यूटन लावले तर त्वरण २.४, घर्षण ३ × २.४ = ७.२, आठच्या आत, म्हणजे एकत्र. १५ लावले तर ९ लागेल, म्हणजे वरचा पुढे घसरला.